एकाच यंत्राचे दोन आकडे

६ जानेवारी, सोमवार

आधी दुरुस्ती. शनिवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे, 'वंदना सिस्टर बीपी न मोजताच रजिस्टरात आकडे भरतात, मी डोळ्यांनी पाहिलं.' हे बरोबर नाही. डोळ्यांनी पाहिलं ते एवढंच: दुपारी तीनला, पेशंट गेल्यावर, सिस्टर टेबलाशी बसून बारा जणांचे आकडे ओळीने लिहीत होत्या. यंत्र पेटीत, पेटी कपाटात. समोर कागद नव्हता. 'न मोजताच' हे मी जोडलं.

शाळेत जायच्या आधी सगळं दादांनी, म्हणजे वडिलांनी, घरीच शिकवलं. त्यांचा नियम असा की चुकलेलं खोडायचं नाही, खाली दुरुस्ती लिहायची, म्हणजे दोन्ही दिसतं. म्हणून वरचं तसंच ठेवते.

पण समोर कागद नव्हता, हेही खरंच.

आज नऊ जणांनी दारातून आत डोकावून विचारलं, "शिस्टर नायी आल्या का?" मी समोर बसलेली. पांढरा कोट, गळ्यात नळी. नऊ.

८ जानेवारी, बुधवार

बीपी-शुगरचा दिवस. शेषराव बुढा आला. अडुसष्ट वर्षांचा, पाटलाच्या हरभऱ्यात रात्रीची जागल करतो, रानडुकरं हाकलतो. रांगेत उभा राहत नाही, सरळ आत येतो. पट्टा बांधला की हात ताठ. १७२/१००.

मी म्हटलं, "बाबा, एकशे बहात्तर! खालचं शंभर! मीठ बंद केलं की नाही?"

"ओरडून काऊन राह्यली वो? मी काय बहिरा हाओ?"

"मीठ बंद केलं का ते सांगा."

"मीठ बंद करतो. तं पानी बी बंद करू का? इथचं पानीच खारं हाये."

बाकड्यावरचे सगळे हसले. पाटीलही होते तिथे, शुगरच्या गोळ्या न्यायला आलेले. बुढ्याने पट्टा फर्रकन ओढून टेबलावर टाकला. "सुई देत असान तं द्या, नायी तं मी शिस्टर आल्यावर येतो." गेला. गोळ्यांची पाकिटं माझ्या टेबलावर तशीच.

अकराला सिस्टर लसीकरणावरून आल्या. बुढा कुठून तरी परत उगवला. मी आत स्टॉक मोजत होते. मला फक्त त्याचं हसणं ऐकू आलं. तो हसतो हे मला माहीत नव्हतं.

दुपारी त्याचं कार्ड काढून पाहिलं. माझ्या अक्षरात: १७२, १६८, १७६. सिस्टरांच्या अक्षरात: १३८, १४२, १३६. एकच माणूस, एकच यंत्र, कधी कधी एकच दिवस.

माणसाला खूश ठेवायचं तर आकडाही गोड द्यायचा. मग कोण नाही म्हणणार, शिस्टर चांगल्या आहेत.

१० जानेवारी, शुक्रवार

व्हिडीओवर आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांना शेषरावची केस दाखवली. तीन आकडे सांगितले, तिन्ही माझे.

साहेब म्हणाले, "कार्डावर सिस्टरचेही आहेत ना?"

मी म्हटलं, "त्यांची खात्री नाही, सर."

"म्हणजे?"

"त्या मागाहून लिहितात. मनाने."

 साहेबांनी पाच मिलिग्रॅमची गोळी दहाची केली आणि रात्रीसाठी आणखी एक लिहिली. शेवटी म्हणाले, "ते दुसरं प्रकरण तोंडी चालणार नाही. लेखी द्या, तुमचं नाव गुप्त राहील."

नवीन गोळ्या गावातल्या आशा सेविका कांताताईंच्या हाती पाठवल्या. निरोप दिला, शिस्टरला विचारत बसू नका म्हणावं, डॉक्टरांनी दिल्यात.

११ जानेवारी, शनिवार

अर्ज लिहिला. तीन वेळा. पहिल्यात 'माझ्या निदर्शनास आले' होतं, ते काढलं, कारण काय निदर्शनास आलं हे मलाच धड सांगता येत नाही. शेवटी लिहिलं: 'रक्तदाबाच्या नोंदी प्रत्यक्ष न मोजता मनाने घेतल्या जात असल्याचा संशय आहे.' संशय आहे हे तर खरं आहे. खोटं एकही वाक्य नाही.

पाकीट साहेबांच्या शिपायाकडे दिलं. घरी आल्यावर तीन वेळा हात धुतले, काही कारण नव्हतं.

स्वतःशी तरी खरं लिहावं. उपकेंद्र कागदावर माझं. मी सीएचओ, म्हणजे इथली आरोग्य अधिकारी, त्या एएनएम, माझ्या हाताखालच्या परिचारिका. तरी रविवारी कुणाचं पोर तापलं तर लोक त्यांच्या क्वार्टरची कडी वाजवतात. माझं दार त्याच्या अलीकडे आहे. ओलांडून जातात.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

सकाळपासून सिस्टरांकडे बायका. पाय ठेवायला जागा नाही. मी खोलीत. बुलढाण्याहून आईने पाठवलेल्या तिळाच्या वड्यांचा डबा तसाच बंद. सिस्टर स्वतः बोलवायला आल्या, तोंडात तंबाखूची गोळी. (पेशंटला मात्र रोज सांगतात, सोडा म्हणून.)

"काऊन वो मॅडम, अंधारात बसल्या? चला, डबा घ्या."

गेले. बायका माझ्यासाठी सरकल्या, खुर्ची दिली. त्या सगळ्या खाली बसलेल्या, मी एकटी खुर्चीवर. कुणी तरी म्हणालं, "मॅडम लई हुशार हायेत, सारं इंग्लिशमदी लिवतात." मग परत सगळ्या सिस्टरांकडे वळल्या.

शेषराव दारापर्यंत येऊन ओल्या हरभऱ्याची पेंढी ठेवून गेला. सिस्टरांनी अर्धी मला दिली. ती मी मागच्या बकरीला टाकली.

दुरुस्ती: बकरीला टाकली नाही. खोलीत बसून मीच खाल्ली. गोड होती, त्याचाही राग आला.

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी साडेआठला कांताताई धावत. "मॅडम, शेषराव बुवा मचाणावरून पडले!" जागल संपवून उतरत होता, उभा राहिला, डोळ्यांपुढे अंधारी आली, खाली. उजवं मनगट मोडलं. कपाळावर खोक.

सिस्टर केसही न बांधता ऑटोत बसल्या, त्याचं डोकं मांडीवर. मी यंत्र दिलं. तालुक्याच्या दवाखान्यातून त्यांचा फोन आला. "मॅडम, लिहून घ्या. वाटेत शहाण्णव, खालचं साठ. नवी गोळी कोनती चालू होती वो याले? मले माहीतच नायी."

मी लिहून घेतलं. ९६/६०.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, वाढवलेल्या सगळ्या बंद, पहिली पाचची तेवढी ठेवा. मग म्हणाले, "तुमचे आकडे बरोबर होते ना?" मी हो म्हटलं. आकडे बरोबर होते. यंत्रात आले तेच मी सांगितले.

आज जेवले नाही, हे पुण्य म्हणून लिहीत नाही. भूक नव्हती.

१९ जानेवारी, रविवार

माझे १७०च्या घरातले. सिस्टरांचे १४०च्या आत. माझे खरे असते तर डोस वाढवल्यावर तो ९६ला कसा जाईल? सिस्टरांचे खरे धरले तर जाईल.

पण मग माझे काय? मी तर मोजले होते. पट्टा बरोबर, हात छातीच्या पातळीला, बाही वर केलेली. पुस्तकात आहे तसं सगळं.

सकाळपासून हे गणित चार वेळा मांडलं.

२२ जानेवारी, बुधवार

शेषराव आला, उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. आज काही न बोलता बसला. डावा हात पुढे केला, माझ्याकडे न बघता. १६६/९८. यावेळी मी आकडा मोठ्याने म्हटला नाही, पण रजिस्टर नेहमीसारखं टेबलावर उघडं. मागचा माणूस मान लांब करून वाचत होता. मी बघितल्यावर त्याने मान वळवली.

बुढा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. सिस्टर आल्या. मी औषधांच्या खोलीत, पडद्यामागे. चोरून पाहिलं, लपवत नाही.

सिस्टर यंत्र घेऊन ओट्यावरच त्याच्या शेजारी बसल्या. समोर नाही, शेजारी. दोघांचीही तोंडं रस्त्याकडे. पट्टा बांधला आणि तसाच राहू दिला.

"आता डुकराईले कोन हाकलते?"

"कोन हाकलन? पाटलानं दुसरा मानूस लावला."

"हातामुळं?"

"हात तं आत्ता मोडला. आधीच म्हनत होता. त्या दिशी बाकड्यावर बसून आयकलं ना त्यानं, एकशे बहात्तर. म्हने बुढ्याले बीपी हाये, वावरात काई झालं तं मले निस्तरा लागन." मग थोडं थांबून, "त्या पोरीम्होरं बसलो का मले वाट्टे परीक्षाच देऊन राह्यलो. निकाल साऱ्या गावाले आयकू जाते."

सिस्टर म्हणाल्या, "पोरगी वाईट नायी. घाबरते ते."

"मले पाहून?"

"तुमचं तोंडच तसं हाये."

तो हसला. त्यानंतर दोघंही गप्प. किती तरी वेळ. सिस्टरांनी फुगा दाबला तेव्हाही कुणी बोललं नाही. मग त्यांनी छातीच्या खिशातून पेन काढून स्वतःच्या डाव्या तळहातावर काही लिहिलं आणि तळहात त्याच्यापुढे धरला. त्याने वाचलं, मान हलवली. सिस्टरांनी मूठ मिटली.

दुपारी तीनला त्या टेबलाशी बसल्या. डावा हात उपडा मांडीवर. मधूनच उलटा करून बघायचा, लिहायचं. सगळा हात निळा. शेषराव सुरवाडे, १३६/८४. मग नळावर जाऊन साबणाने धुतला.

त्याचं बीपी माझ्यासमोर चढतं. यंत्र खोटं नाही, सिस्टर खोट्या नाहीत, तोही खोटा नाही. मी समोर बसते म्हणून एकशे सत्तर. आणि त्या एकशे सत्तरवर मी गोळ्या वाढवून घेतल्या.

आमच्या घरी परीक्षेचे गुण ताटावर बसल्यावर मोठ्याने वाचले जात. दादा म्हणत, लपवण्यासारखं काय आहे त्यात. मला नेहमी जास्त असायचे, धाकट्या बहिणीला कमी. ती भात चिवडत बसायची. तिच्याकडे पाहून मला बरं वाटायचं, हेही लिहून ठेवते.

आणि तरी आज सगळ्यात जास्त काय टोचलं, तर 'पोरगी वाईट नायी'. माझी बाजूही त्यांनीच घ्यायची.

२४ जानेवारी, शुक्रवार

सिस्टरांसारखं करून पाहिलं. पाटील आले होते. त्यांच्या शेजारी बसले, बोलले नाही, पट्टा बांधून पाच मिनिटं थांबले. आकडा चिठ्ठीवर लिहून दाखवला. पाटील पांढरे पडले. "काऊन वो मॅडम, आज बोलत नायी? लई वाईट हाये का?" परत मोजलं तर अठराने वर.

माझं गप्प बसणंही लोकांना निकालच वाटतो.

दुपारी पाकीट आलं, सिस्टरांच्या नावाने. 'रक्तदाबाच्या नोंदी प्रत्यक्ष न मोजता मनाने घेत असल्याबाबत तक्रार प्राप्त झाली असून, दि. ३० जानेवारीच्या मासिक सभेत लेखी खुलासा सादर करावा.' माझीच वाक्यं, वर शिक्का. सिस्टरांनी दोनदा वाचलं, मग मला दिलं. "मले समजून सांगा वो मॅडम. मनाने म्हंजे काय?"

मी सांगितलं. सरळ आवाजात सांगितलं, कसं ते मला माहीत नाही.

त्या उठल्या, मशीन पुसलं, पेटीत ठेवलं. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "सतरा वर्सं झाले."

२५ जानेवारी, शनिवार

ओपीडी झाल्यावर सिस्टर कोरे कागद घेऊन माझ्या खोलीत. "तुमची भाषा चांगली हाये. मी सांगतो तसं लिहून देता का?"

नाही कसं म्हणायचं? कशाच्या नावावर?

लिहायला बसले. त्या सांगत होत्या, "लिहा, सतरा वर्सांत एकबी आकडा पदरचा नायी लिवला." मी 'पदरचा' ऐवजी 'मनाने' लिहिलं. अर्जातही मनाने, खुलाशातही मनाने. अक्षरही एकच. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर ओळखतील. हे लक्षात आलं तेव्हा पहिलं पान भरलं होतं. अक्षर मी बदललं नाही.

मी विचारलं, "तळहातावरून उतरवता, ते लिहू ना?"

"नका लिहू. साहेब हासतील."

"तोच तर पुरावा आहे, सिस्टर. हातावर का लिहिता?"

"रजिस्टर उघडं राह्यलं का मांगचा मानूस वाचते. चिठ्ठी देली तं घरी सून वाचते. इथं," त्यांनी मूठ मिटून दाखवली, "कोनाले दिसते? दुपारपर्यंत ऱ्हायला म्हंजे झालं."

इतकी साधी गोष्ट. मी ही कधी विचारलीच नाही. कपाट, पेटी, कागद नाही, एवढं सगळं पाहिलं, हात पाहिला नाही.

सगळं लिहिलं. छान लिहिलं. माझ्या अर्जापेक्षा चांगलं. त्यांनी वाचून सही केली, म्हणाल्या, "वकीलच झाल्या असत्या तुम्ही." निघताना दारात थांबल्या. "कोनाचं काम असन ते मले समजलं. कांताचं. मांगच्या मयन्यात मी तिले सगळ्याईसमोर बोलली होती ना. लई मनात ठेवते ते."

मी म्हणायला हवं होतं, कांताताई नाहीत. एवढं तरी. तोंड उघडलंही. सिस्टर म्हणाल्या, "जाऊ द्या, तुम्ही नका टेन्शन घेऊ," आणि गेल्या.

२६ जानेवारी, रविवार

शाळेत झेंडावंदन. सिस्टर नव्हत्या, पहाटेच मलकापूरला मुलीकडे गेल्यात. उद्या रात्रीच्या बसने परत.

कांताताई पोरांच्या रांगेमागे एकट्या उभ्या. डोळे सुजलेले. काल संध्याकाळी सिस्टरांनी त्यांना घरासमोरून परत पाठवलं म्हणे. "मॅडम, मी काय केलं वो? लसीची यादी द्याले गेली तं म्हने, ठेव अन् जाय. पानी बी विचारलं नायी. अकरा वर्सं एका ताटात जेवलो आम्ही." मी त्यांना बिस्किटाचा पुडा दिला. पुडा! पोरांना वाटून उरलेला.

शेषराव शाळेच्या फाटकाबाहेर बसलेला. जवळ गेले. समोर उभी राहणार होते, मग शेजारी बसले. त्याने सरकून जागा केली. मी म्हटलं, "बाबा, वाढवलेल्या गोळ्या माझ्यामुळे होत्या. त्यानेच तुम्हाला चक्कर आली." मोठ्याने नाही, त्याच्यापुरतं.

त्याने रस्त्याकडे बघतच विचारलं, "शिस्टरले माहीत हाये?"

"गोळ्यांचं माहीत आहे. बाकीचं नाही."

"बाकीचं काय?"

त्याला सांगितलं नाही. आधी त्याला सांगणं बरोबर नाही. तो म्हणाला, "मंग पाटलाले कोन सांगन, का मी बरा हाओ?" मी म्हटलं, मी सांगेन. तो म्हणाला, "तुम्ही नोको. तुम्ही सांगसान तं तो अजून घाबरन." हसला नाही, मीही हसले नाही. पण उठताना त्याने मोडका हात सांभाळून चांगला हात पुढे केला, मी धरून उठवावं म्हणून.

आता संध्याकाळ. सगळं नीट मांडते.

गुरुवारच्या सभेत खुलासा वाचला जाईल. सिस्टर सुटतील, कारण तो मी चांगला लिहिलाय. कांताताईंवरचा संशय मात्र राहील, कायमचा. सुटका झाली म्हणून मी गप्प बसले तर त्या दोघींमधलं ताट मी मोडलं, आणि कुणाला कळणारही नाही. साहेब नाव सांगणार नाहीत, त्यांनी शब्द दिलाय.

सभेत सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं, असं दोन दिवस वाटत होतं. आता वाटतं, तोही पुन्हा निकालच, मोठ्याने वाचलेला, यावेळी माझा. त्यात सिस्टरांना सगळ्यांदेखत माझ्याकडे बघावं लागेल. साहेबांना मागाहून सांगेन, लेखी, माझ्या नावाने. कांताताईंना त्याच दिवशी, त्यांच्या घरी जाऊन. पण सगळ्यांच्या आधी सिस्टरांना, आणि फोनवर नाही.

सगळ्यात अवघड काय, तेही लिहिते. त्या ओरडतील याची भीती वाटत नाही. त्या माफ करतील याची वाटते. 'घाबरते ते' म्हणाल्या ना, तसंच काही तरी म्हणतील, चहा टाकतील. गावात कळलं तर लोक म्हणतील, पाहा, केवढं मन आहे शिस्टरचं. माझ्या चुकीतूनही त्याच मोठ्या होणार. हे लिहितानाही त्यांचा हेवा वाटतोय. एवढं सगळं झालं तरी तो गेलेला नाही, आणि परवापर्यंत जाईल असं वाटत नाही. तो घेऊनच जावं लागेल.

कदाचित माफ करणारही नाहीत. मग बदली मागू नये, एवढं ठरवते.

त्या उद्या रात्री येतील, थकलेल्या असतील. उद्या नको. मंगळवार, २८ जानेवारी, सकाळी नऊ वाजता, पेशंट यायच्या आधी, त्यांच्या ओट्यावर.